भाव तोच, वर काय

नाशिकच्या जमिनींचे भाव त्या काळी एका बाकावर ठरत. दस्त नोंदवायच्या कचेरीसमोर चहाचं हॉटेल होतं आणि त्याच्या बाहेर, लिंबाच्या सावलीत, दोन बाकं टाकलेली होती. एकावर कचेरीत काम असलेले लोक बसत, दुसऱ्यावर दलाल. ही वाटणी कुणी केलेली नव्हती. पण नवखा माणूस चुकून दलालांच्या बाकावर बसला, तर हॉटेलवाला न बोलता त्याचा चहा पलीकडच्या बाकावर नेऊन ठेवायचा.

मी एका स्थानिक दैनिकात होतो आणि बाजारभावाचं सदर माझ्याकडे होतं. कांदा, द्राक्षं, गहू, बाजरी, सोनं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यात जमीन आली. सातपूरला कारखाने उभे राहिले होते, अंबडकडे उभे राहत होते. बोनस हातात पडला की कामगार आधी सायकल घ्यायचा आणि पुढच्या बोनसला प्लॉट बघायला निघायचा. काल ज्या शेतात भुईमूग होता तिथे आज फक्कीच्या रेघा दिसत. रेघांच्या कडेला एक पाटी, पाटीखाली एक खुर्ची, खुर्चीवर छत्री घेतलेला माणूस. संपादक म्हणाले, लोक कांद्याच्या आधी जमिनीचा भाव वाचतात, तेव्हा दर आठवड्याला चार ओळी द्या. त्या चार ओळींसाठी मी बाकाकडे जायला लागलो.

बाकावर सात-आठ जण असत. त्यांतले दोघे मला जास्त उपयोगी पडले. एकाला सगळे चाचा म्हणत. साठी ओलांडलेले, सायकलवर फिरणारे, पायजम्याला क्लिप लावणारे. त्यांची पूर्वी शहरातच, द्वारका चौकात, लाकडाची वखार होती. ती भावांच्या वाटणीत गेली आणि ते जमिनीच्या धंद्यात आले. दुसरा तिशीतला, सातपूरच्या कारखान्यातली मशीनवरची नोकरी सोडून आलेला. त्याच्याकडे स्कूटर होती आणि छापलेलं कार्ड होतं. चाचांकडे कार्ड नव्हतं. ते म्हणत, ज्याला मी माहीत नाही त्याने माझ्याकडून जमीन घेऊ नये.

सिंहस्थ उलटून दोन-तीन वर्षं झाली आणि बाजार थंडावला. त्याची पहिली खूण भावात दिसली नाही, चहात दिसली. पूर्वी एकेक दलाल गिऱ्हाइकासह चार-चार कप मागवायचा. आता आठ जणांत तीन कप वाटले जाऊ लागले. स्कूटरवाला स्कूटर घरी ठेवून पायी यायला लागला. पेट्रोल महागलं म्हणून, असं तो सांगे. कारखान्यांतला ओव्हरटाइम बंद झाला होता. सिमेंट परमिटवर होतं आणि परमिट मिळून पोतं हाती येईपर्यंत वाळू पावसात वाहून जायची. प्लॉट घेऊन ठेवलेल्यांना घर बांधता येत नव्हतं आणि नवीन कुणी प्लॉट घेत नव्हतं.

संपादकांनी सांगितलं, दलालांना काय वाटतं ते नीट विचारून अर्ध्या पानाचा मजकूर करा. मी दोन दिवस बाकावर बसलो. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तोही एकाच शब्दांत, म्हणजे उत्तरं ताडून बघता येतील. अमुक शिवारात गेल्या महिन्यात शेवटचा व्यवहार कोणत्या भावाने झाला? सगळ्यांनी दिलेला भाव वर्षापूर्वीचाच होता. मी कचेरीत जाऊन दोन दस्तांवरून खात्रीही केली. भाव जुळले.

स्कूटरवाला म्हणाला, गिऱ्हाईक थांबलंय, पळालेलं नाही. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, जमीन म्हणजे काय टमाटा आहे का, संध्याकाळी फेकून द्यायला? चाचा सगळ्यांत शेवटी बोलले. बाजार बसलाय, पडलेला नाही, असं ते म्हणाले. मी ते तसंच लिहून घेतलं.

मजकूर सोमवारी छापून आला. मथळा होता, ‘जमिनीचे भाव स्थिर, व्यवहार मंद’. त्यात एकही चूक नव्हती. प्रत्येक वाक्य कुणीतरी बोललेलं होतं आणि प्रत्येक भाव दस्तात नोंदलेला होता. आकडे इथे देत नाही. आजच्या वाचकाला ते वाचून नुसतं हसू येईल.

हा मजकूर ज्याने जुळवला तो आमच्या छापखान्याचा फोरमन होता. तेव्हा आमचं दैनिक खिळ्यांवर छापलं जायचं. एकेक अक्षर केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतून, उचलून ओळीत लावायचं, उलटं. फोरमन हे काम तीस वर्षं करत होता. माझं अक्षर वाईट होतं, म्हणून माझा मजकूर तो दुसऱ्या कुणाला देत नसे. अर्थ लागला नाही तर वर येऊन टेबलाशी उभा राहायचा आणि बोट ठेवून विचारायचा, “भाऊ, हे काय आहे?” त्यापलीकडे आमचं बोलणं क्वचित होई.

त्याचा एक प्लॉट होता, अंबडच्या अलीकडे. तेजीच्या आधी घेतलेला. त्यावर त्याने घराचं जोतं बांधलं होतं आणि तिथेच परमिटचं सिमेंट संपलं. पुढचं परमिट यायला दीड वर्ष लागलं, तोवर मुलीचं लग्न निघालं. जोत्यावर गवत वाढलं. घडवून ठेवलेला काळा दगड एका बाजूला रचलेला तसाच राहिला. आता त्याची निवृत्ती मे महिन्यात होती. डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे मुदतवाढीचा प्रश्न नव्हता. द्वारकेच्या मागच्या वसाहतीत ज्या दोन खोल्यांत तो बायकोसह भाड्याने राहत होता, त्या घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या. घरमालक वाईट माणूस नव्हता. पावसाळ्याआधी खोल्या मोकळ्या करा, एवढंच त्याने सांगितलं होतं आणि तेही आठ महिने आधी.

फोरमनने हिशेब साधा केला होता. प्लॉट विकायचा आणि उपनगर नावाच्या वस्तीच्या पुढे एका बिल्डरने ओळीत बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरांपैकी कडेचं घर घ्यायचं. बिल्डरने थोडा विसार घेऊन ते घर अक्षय्य तृतीयेपर्यंत राखून ठेवलं होतं. तोवर प्लॉट विकला गेला, तर बुद्धपौर्णिमेला नव्या घरात जायचं. नाही विकला गेला, तर पावसाळ्यात साठीतली दोन माणसं कुठे जाणार?

हे सगळं मला नंतर कळलं. मजकूर छापून आल्यावर दोन महिन्यांनी, मार्चअखेर, तो वर आला आणि टेबलाशी उभा राहिला. हातात माझ्या हस्तलिखिताचा कागद नव्हता. छापील कात्रण होतं. घड्या पडून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या.

“भाऊ, हे बरोबर आहे ना?” त्याने विचारलं.

मी बरोबर आहे म्हटलं. मग त्याने सांगितलं. मजकूर आला त्याच आठवड्यात त्याच्या प्लॉटला गिऱ्हाईक आलं होतं. वणीकडचा एक फिटर, अंबडला नोकरीला. त्याने रोख बोलणी केली, पण भाव जरा खाली मागितला. फोरमनने त्याला हे कात्रण दाखवलं आणि नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. अक्षय्य तृतीयेला महिना उरला होता.

“मी स्वतः जुळवलं होतं,” तो म्हणाला. “अक्षर न् अक्षर माझ्या हातून गेलेलं. म्हटलं, हे खोटं कसं असेल?”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तीस वर्षांत त्याने किती चुकीच्या बातम्या जुळवल्या असतील हे आम्हा दोघांना माहीत होतं. तरीही आपल्या प्लॉटची बातमी त्याने इतर कुठल्याही वाचकासारखीच वाचली होती.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर गेलो. चाचा एकटे होते. त्यांना म्हटलं, भाव स्थिर आहे तर मग प्लॉट विकला का जात नाही? त्यांनी चहा संपवला, पायजम्याला क्लिप लावली आणि मला सायकल आणायला सांगितलं. आम्ही अंबडच्या रस्त्याला लागलो. ऊन चढलेलं होतं. वाटेत ते एका प्लॉटपाशी थांबले. मागच्याच आठवड्यात त्याचा दस्त झाला होता. जुन्याच भावाने, मी स्वतः पाहिला होता.

प्लॉटला चारही बाजूंनी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार होती. कोपऱ्यात हातपंप होता.

“हे कुणी केलं?” चाचांनी विचारलं.

नव्या मालकाने, मी म्हटलं.

“विकणाऱ्याने,” ते म्हणाले. “दस्त व्हायच्या आधी आठ दिवस.”

पुढच्या प्लॉटवर दोन ट्रक विटा पडल्या होत्या. त्याही विकणाऱ्याच्या. त्याच्या पुढच्या प्लॉटवर काही दिसत नव्हतं. तिथे विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या मुलाला आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये चिकटवून दिलं होतं. जमिनीचा भाव तिन्ही ठिकाणी तोच, वर्षापूर्वीचा. भाजीवाली मेथीची जुडी ठरल्या भावाने देते आणि वर चार काड्या कोथिंबीर टाकते, तशी ही पद्धत होती. फरक एवढाच की तेजीत कोथिंबीर कुणी देत नव्हतं आणि आता कोथिंबिरीची जुडी मेथीएवढी झाली होती.

मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं नाही.

“तुम्ही भाव विचारला, मी भाव सांगितला,” चाचा म्हणाले. “वर काय दिलं, हे तुम्ही कुठे विचारलं?”

परत येताना त्यांनी कारण सांगितलं. दस्तात भाव एकदा खाली लिहिला गेला की तो एकाच प्लॉटवर लिहिला जात नाही, सगळ्या शिवारावर लिहिला जातो. शेजारचे दहा मालक दुसऱ्या दिवशी बाकावर येऊन भांडतात. म्हणून विकणाऱ्याने काहीही द्यावं, विहीर द्यावी, म्हैस द्यावी, पण भाव उतरवू नये. घेणाऱ्यालाही ते चालतं, कारण दस्त झाला की तोही त्या शिवारातला एक मालक होतो. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि बाकावरच्या कुणीही तो मोडत नसे. फोरमनच्या फिटरने तो मोडला होता. तो नवखा होता, त्याने वर काही न मागता सरळ भावच खाली मागितला. आणि फोरमनने भाव धरून ठेवला, पण वर काही देऊ केलं नाही. एकाला मागायचं कसं ते ठाऊक नव्हतं, दुसऱ्याला द्यायचं कसं ते.

त्या संध्याकाळी मी चाचांना घेऊन फोरमनच्या घरी गेलो. द्वारकेची वर्दळ मागे टाकली की वसाहत सुरू होई. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी कॉट, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत चष्म्याचं घर. फोरमनच्या बायकोने चहा ठेवला. मी पद्धत समजावून सांगत होतो, तेव्हा ती स्टोव्हपाशीच बसून ऐकत होती. माझं बोलणं अर्ध्यावर असताना ती फोरमनला म्हणाली, “अहो, मग मी रोज भाजी घेताना दुसरं काय करते?”

फोरमन म्हणाला, आपल्याकडे वर द्यायला आहे काय? दगड आहे, तो देऊ.

दगडाने भागणार नाही, असं चाचा म्हणाले. नुसत्या दगडावर फिटर पहिल्या आठवड्यात तयार झाला असता. आता दोन महिने गेले आहेत. बोलता बोलता ते थांबले आणि कॉटखाली वाकून पाहू लागले. वखारीतल्या माणसाला लाकूड अंधारातही दिसतं. कॉटखाली जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं ठेवलं होतं आणि कॉटच्या मागे, भिंतीला लागून, एक चौकट उभी होती. चाचांनी चादरीचं टोक बाजूला केलं आणि लाकडावरून अंगठा फिरवला.

ते दार होतं. दोन झडपांचं, सागवानी, नक्षी नाही, कड्या मात्र पितळी. फोरमनचा मेहुणा सुरगाण्याला शाळेत शिक्षक होता. त्याने तिकडच्या लिलावातून लाकूड मिळवून दिलं होतं आणि ते जीपच्या टपावर बांधून नाशिकला आलं होतं. जोतं बांधलं त्याच वर्षी फोरमनने दार करून घेतलं. घर राहिलं, दार झालं. तेव्हापासून ते कॉटखाली होतं. दरवर्षी एकदा नवरा-बायको त्याला बाहेर काढून जवसाचं तेल लावत. ओळीतल्या नव्या घराला बिल्डरने प्लायवुडचं दार बसवलेलं होतं. ते काढून हे लावायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं.

चाचा म्हणाले, “हे दार आता कुणी बनवून देणार नाही.” आणि मग, “भाव टिकवायचा असेल तर हेच.”

फोरमनने चष्मा काढून पुसला. त्याची बायको म्हणाली, दार घराला असतं, आपल्याकडे घर आहे का? चाचांनी चादर पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. निघताना त्यांनी विचारलं, फिटरला आणू का? फोरमनने होकारार्थी मान हलवली.

फिटर रविवारी आला. मी तिथे असण्याचं कारण नव्हतं, पण फोरमनने बोलावलं होतं. फिटर तिशीचा, काळासावळा, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. दोन महिन्यांत त्याने दुसरे चार प्लॉट बघितले होते आणि एकही घेतला नव्हता. सगळे भावच सांगतात, तो म्हणाला, कमी करायला कुणी तयार नाही. चाचांनी त्याला बाजूला घेतलं आणि बाकाची पद्धत समजावली. मग दार बाहेर काढलं.

फिटरने एक झडप उचलून बघितली, बिजागऱ्यांच्या जागा बघितल्या, कडी दोनदा लावून उघडली. यंत्राचा भाग तपासावा तसं त्याने ते दार तपासलं.

“लय भारी हाय,” तो म्हणाला. “एवढं दार लावायचं म्हणजे मला घर बी तसंच बांधावं लागंल.”

“बांध ना,” फोरमनची बायको म्हणाली. “जोतं तयारच आहे. दाराच्याच मापाने घातलंय ते.”

फिटर हसला. त्याने काळा दगडही मागितला, तो मिळाला. चौकटीचं मात्र त्याने गृहीतच धरलं होतं आणि फोरमनने दार म्हणताना फक्त दार म्हटलं होतं. चौकट ठेवून तुम्ही करणार काय, असं फिटरने विचारलं. त्यावर फोरमन एवढंच म्हणाला की चौकटीची किंमत वेगळी असते. चाचांनी दोघांकडे पाहिलं. मग फोरमननेच सांगितलं, घेऊन जा, चौकटीशिवाय दार तिरकं होईल. भाव कात्रणातलाच ठरला. कागद दुसऱ्याच आठवड्यात झाले आणि दार हातगाडीवरून गेलं. फोरमन हातगाडीबरोबर द्वारकेपर्यंत चालत गेला, कारण चौकात गाडीवाल्याला वळणं समजत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

आता घर राहिलं होतं. अक्षय्य तृतीयेला चार दिवस होते. फोरमन उरलेली रक्कम घेऊन बिल्डरकडे जायला निघाला, तेव्हा त्याची बायको पायात चपला घालून दाराशी उभी होती. मीही येतेय, ती म्हणाली. मलाही चलायला सांगितलं. बाजारभावाचा माणूस बरोबर असलेला बरा, असं तिचं मत होतं. माझ्या माहितीचा त्या घराला आजवर उपयोग झाला नव्हता, हे तिने बोलून दाखवलं नाही.

बिल्डरचं ऑफिस म्हणजे ओळीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. तो भला माणूस होता. त्याने खुर्च्या पुसल्या, पाणी मागवलं, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त किती चांगला आहे ते सांगितलं. फोरमन पिशवी उघडू लागला. बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“भाव तुमचा आहे तोच राहू द्या,” ती बिल्डरला म्हणाली. “वर काय देता?”

बिल्डर हसला. “वहिनी, ही काय भाजी आहे?”

“भाजी असती तर सुकायच्या आत दिली असती तुम्ही. येताना मोजलं मी. पाच घरांना कुलपं आहेत.”

बिल्डरने माझ्याकडे पाहिलं. मी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. त्यानंतरचं बोलणं अर्धा तास चाललं. तिने माळा मागितला, तो मिळाला. स्वयंपाकाला कडाप्प्याचा ओटा मागितला, तो मिळाला नाही. शहाबादी फरशीचा बसवून देईन, असं ठरलं. मागच्या बाजूला धुण्याचा दगड मिळाला. या सगळ्यात फोरमन गप्प होता. बिल्डर म्हणाला, आता झालं ना सगळं? तेव्हा फोरमन पहिल्यांदा बोलला. घर ओळीतलं शेवटचं होतं, म्हणून त्याची एक बाजू मोकळी होती आणि तिकडे सलग भिंत होती.

“त्या भिंतीत खिडकी पाहिजे,” तो म्हणाला.

भिंत झाली आहे, बिल्डर म्हणाला. आता फोडायची, वर लिंटेल टाकायचं, परत गिलावा करायचा. खिडक्या समोरून आहेत की.

“समोर पश्चिम आहे. ती उत्तर आहे. उत्तरेचा उजेड हलत नाही.”

छापखान्यात केसची टेबलं उत्तरेच्या खिडक्यांखाली असत. दिवसभर उजेड एकसारखा राहतो, खिळ्याचं तोंड चमकत नाही. हे बिल्डरला कळण्याचं कारण नव्हतं. त्याने फोरमनच्या चष्म्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याने गवंड्याला हाक मारली आणि भिंतीवर विटेने चौकोन काढून दाखवायला सांगितला. चौकोन लहान निघाला. फोरमनने वीट हातात घेतली आणि तो मोठा केला.

उठता उठता बायकोने विचारलं, अक्षय्य तृतीया चुकली असती तर घर खरंच दुसऱ्याला दिलं असतं का? बिल्डर म्हणाला, मुहूर्त असतो हो, बोलायला बरा पडतो. पावसाळा मात्र खरा होता. बुद्धपौर्णिमेला ते तिथे राहायला गेले. खिडकीला तेव्हा गज होते, पण झडपा नव्हत्या. त्या पुढच्या महिन्यात बसल्या.

त्याआधी, मेच्या सुरुवातीला, मी दुसरा मजकूर लिहिला होता. यावेळी बाकावर प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. भाव कोणता आणि वर काय दिलं. दुसऱ्या प्रश्नावर पाच जणांनी विषय बदलला. स्कूटरवाल्याने खरं सांगितलं, कारण तो पुन्हा कारखान्यात जायच्या विचारात होता. चाचा म्हणाले, हे छापायचं नसतं. मी म्हटलं, छापणार आहे. ते म्हणाले, मग माझं नाव घेऊ नका. मी तेव्हाही घेतलं नाही आणि आताही घेतलेलं नाही. मजकूर आल्यानंतरच्या आठवड्यात मी बाकापाशी गेलो, तर हॉटेलवाल्याने माझा चहा न बोलता पलीकडच्या बाकावर नेऊन ठेवला. पुढे वर्षभर तो तिथेच ठेवला जात होता. मग पुन्हा बाजार हलला, दलालांना चार ओळींची गरज पडली आणि कप जुन्या जागी आला.

त्या मजकुरात मी व्यवहारांची तीन उदाहरणं दिली होती, माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने. एकात तार आणि हातपंप, दुसऱ्यात विटा. तिसऱ्यात लिहिलं होतं की भाव पूर्वीचाच राहिला, मात्र विकणाऱ्याने वर काळा दगड आणि सागवानी दार दिलं. फोरमनला आधी विचारलं होतं. त्याने, लिहा, खरं आहे तर लिहा, असं सांगितलं होतं. कागद खाली गेला. निवृत्तीला त्याचे तीन आठवडे राहिले होते आणि माझा मजकूर अजूनही तो दुसऱ्या कुणाला देत नव्हता.

तासाभराने ओलं प्रूफ वर आलं. मी मूळ कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, तशी सवयच होती. सगळं जसंच्या तसं होतं. फक्त तिसऱ्या उदाहरणात माझ्या कागदावर नसलेला एक शब्द होता. ‘सागवानी दार’च्या जागी ‘चौकटीसह सागवानी दार’ जुळवलेलं होतं. तीस वर्षांत त्याने माझ्या किंवा कुणाच्याही मजकुरात पदरचा शब्द घातलेला नव्हता. माहिती बरोबर होती. मी प्रूफवर सही केली आणि ते खाली पाठवलं.